दुपारी तीनचा वर्ग

नगरमध्ये परदेशी बाई म्हटलं की मेहेराबाद आठवतं. दौंड रस्त्यावर अरणगावच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला देशोदेशीचे भक्त येतात आणि त्या दिवसांत कापडबाजारात, चितळे रोडवर परदेशी बायका खरेदी करताना हमखास दिसतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलायला नगरकरांना आवडतं. दुकानदार आपुलकीनं विचारपूस करतो, रिक्षावाला जमेल तेवढं इंग्रजी बोलतो.

दुसऱ्या परदेशी बायका आपल्याच इमारतीत राहतात, जिन्याखालच्या नाहीतर पार्किंगमधल्या खोलीत. त्या नेपाळच्या. त्या परक्या देशातून आल्या आहेत हे आपल्या डोक्यातही येत नाही. रंगरूप ओळखीचं, हिंदी येतं, कपाळाला टिकली आणि भांगात कुंकू. वॉचमनचं काम करणाऱ्या नवऱ्याला आपण ‘बहादूर’ म्हणतो आणि तिला ‘बहादूरची बायको’. बहादूर हे कितीतरी नेपाळी पुरुषांच्या नावातलं मधलं नाव असतं. आपण ते सगळ्यांचं एकच नाव करून टाकलं आहे. तिचं नाव तर इमारतीत कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून या बायकांसाठी आम्ही जो वर्ग चालवतो त्याचा पहिला नियम हा ठरला, की इथं प्रत्येकीला तिच्या नावानंच हाक मारायची.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत होते. निवृत्तीनंतर सावेडीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही तिघींनी मिळून या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला: मी, बँकेतून निवृत्त झालेली माझी एक मैत्रीण आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी. फी नाही, नोंदणी नाही, संस्थाही नाही. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग या भागांतल्या इमारतींमधून बायका येतात. बहुतेकींचं गाव नेपाळच्या सुदूर पश्चिमेला आहे: अछाम, बाजुरा, डोटी, कैलाली. झेलम, गोवा किंवा कर्नाटक एक्सप्रेसनं नगरहून दिल्ली, आनंद विहारहून बसनं बनबसा, तिथून सरहद्द ओलांडून गड्डाचौकी, आणि मग पुढं डोंगरातला रस्ता. या प्रवासात पासपोर्ट लागत नाही. १९५० साली भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला, त्याच्या सातव्या कलमानं दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे राहायला, कामधंदा करायला, ये-जा करायला मोकळीक दिली. सरहद्द उघडी आहे खरी, पण इथं आल्यावर कागदांचं जे रान लागतं त्यातून वाट काढायला हा करार उपयोगी पडत नाही.

लोक विचारतात, इंग्रजीच का? आधी मराठी शिकवा की! प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला असतो, पण ज्यांनी या बायकांबरोबर बसून काम केलेलं नाही त्यांनाच तो पडतो. मराठी त्यांना भाजीबाजार शिकवतो. वर्ष-दोन वर्षांत ‘केवढ्याला दिली’, ‘पाणी सुटलं का’, ‘आज मोटार लावायची नाही’ हे सगळं तोंडी बसतं. मुलं तर अस्सल नगरी मराठी बोलतात, आईला चुका दुरुस्त करून देतात. शिवाय नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे जी बाई गावाकडे चार-पाच इयत्ता शिकली आहे ती नगरमधल्या मराठी पाट्या पहिल्या दिवसापासून वाचू शकते. अर्थ लागायला वेळ लागतो, पण बसवरचं ‘माळीवाडा’ आणि ‘तारकपूर’ तिला वाचता येतं. इंग्रजीजवळ मात्र सगळं अडतं. औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, रक्ताच्या रिपोर्टवर इंग्रजी, बँकेचा मेसेज इंग्रजी, मुलाच्या शाळेची डायरी इंग्रजी. बोलायला इंग्रजी कुणी मागत नाही. वाचायला पदोपदी लागतं. आणि वाचता आलं नाही की दुसऱ्याच्या हातात कागद द्यावा लागतो. कागद दुसऱ्याच्या हातात गेला की तिचं दुखणं, तिचा पगार, तिच्या मुलाचे मार्क, सगळंच दुसऱ्याला आधी कळतं. माझा या वर्गामागचा सगळा विचार एवढाच आहे: तिचा कागद तिनंच आधी वाचला पाहिजे.

‘इंग्लिश विंग्लिश’ हा २०१२ सालचा सिनेमा सगळ्यांना आठवतो. नवीन मदतनीस आली की पहिल्या दिवशी हमखास त्याचा उल्लेख करते. त्यातली शशी गोडबोले न्यूयॉर्कमध्ये क्लास लावते, कारण घरच्यांच्या नजरेत तिला मान हवा असतो. ते दुःख खरंच आहे. पण आमच्या वर्गातल्या बायकांची गरज निराळी आहे. घरी त्यांना कुणी हिणवत नाही, कारण नवऱ्यालाही इंग्रजी येत नाही. त्यांना भाषण करायचं नाही. त्यांना मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून आपल्या लेकराचं औषध तपासून घ्यायचं आहे.

वर्गाची वेळ दुपारी तीनची. ती आम्ही ठरवली नाही, बायकांच्या दिवसानंच ठरवली. सकाळी चार-पाच घरची धुणीभांडी, मग स्वतःचा स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा भांडी. नवऱ्याची रात्रपाळी असली तर तो दुपारी झोपलेला, आणि खोली एकच, त्यामुळे मुलांना घेऊन तिला तसंही बाहेरच बसावं लागतं. तेवढाच मोकळा वेळ. पाणी यायच्या दिवशी मात्र काही जणी येत नाहीत, कारण मुळा धरणाचं पाणी इमारतीच्या टाकीत पोचेपर्यंत वॉल्व आणि मोटार सांभाळायची असते. वर्गाचं वेळापत्रक पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतल्यापासून हजेरी सुधारली. कुठल्याही गावात असा वर्ग सुरू करणाऱ्यानं आधी तिथलं पाणी कधी सुटतं ते विचारावं असं मी मनापासून सांगेन.

लहान मुलांचं काय करायचं हा दुसरा मोठा प्रश्न होता. मुलांना घरी ठेवून या, असं म्हणणं म्हणजे येऊ नका असं म्हणणं. कॉलेजातल्या त्या मुलीनं हे काम उचललं. ती हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात सतरंजी टाकून मुलांना चित्रं काढायला, गाणी म्हणायला बसवते. ती इंग्रजीचा एक शब्दही शिकवत नाही आणि तरीही वर्ग तिच्यामुळे चालतो. ती परीक्षेसाठी रजेवर गेली की आमचा वर्ग निम्मा होतो.

आता वर्गात काय चालतं ते सांगते. पुस्तक नाही. ज्या आठवड्यात जो कागद कुणाच्या हातात आला असेल तो आमचा धडा.

एकदा एकीला मुलीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. त्यात आईची जन्मतारीख हवी होती. तिनं नेपाळची नागरिकता, म्हणजे तिथलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पिशवीतून काढलं. त्यावर जन्माचं साल होतं २०५१. हे विक्रम संवताचं साल. नेपाळचा सरकारी कारभार आजही विक्रम संवतावर चालतो आणि त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला, वैशाखाच्या पहिल्या दिवशी, सुरू होतं. फॉर्म भरून देणाऱ्या कुणीतरी पूर्वी तिच्या दुसऱ्या एका कागदावर सरळ ‘१ जानेवारी’ लिहून दिलं होतं. वर्गातल्या बाकीच्यांना विचारलं तर निम्म्या जणींच्या मोबाइलमध्ये, कागदांवर १ जानेवारीच होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांचे वाढदिवस १ जूनला यायचे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकलेली असायची. तसाच हा प्रकार.

त्या दुपारी फळ्यावर दोन रांगा केल्या. एका बाजूला वैशाख, जेठ, असार, साउन असे त्यांचे महिने, दुसऱ्या बाजूला एप्रिलपासूनचे इंग्रजी महिने, अर्धा महिना खाली सरकवून. वैशाखापासून पुसाच्या मध्यापर्यंत साल असेल तर सत्तावन्न वजा करायचे, त्यापुढं चैत्र संपेपर्यंत छप्पन्न. तिचा जन्म माघातला. २०५१ मधून छप्पन्न गेले, १९९५. महिना जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुठंतरी. नेमका दिवस मोबाइलवरच्या नेपाळी पंचांगातून तिनंच शोधला. मग तिनं फॉर्मवर आपल्या हातानं इंग्रजी आकड्यांत तारीख घातली आणि महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं. फेब्रुवारी लिहिताना मधलं ‘आर’ राहिलं होतं, ते शेजारच्या बाईनं बोट दाखवून सांगितलं. पुढच्या वर्गाला बाकीच्या सगळ्या आपापली नागरिकता घेऊन आल्या. बारा महिन्यांची नावं आणि त्यांची स्पेलिंगं पाठ करायला एरवी शाळेत मुलांना किती दिवस लागतात हे मला ठाऊक आहे. इथं ती फार पटकन पाठ झाली, कारण प्रत्येकीला स्वतःचा महिना हवा होता.

दुसरा धडा औषधांचा. घरी असलेली सगळी औषधं घेऊन या, असं सांगितलं होतं. सतरंजीवर पट्ट्या आणि बाटल्यांचा ढीग झाला. एकीकडे तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या निघाल्या, दिसायला सारख्याच, एकाच कंपनीच्या. एकीवर पाच एमएलमध्ये १२५ एमजी, दुसरीवर पाच एमएलमध्ये २५० एमजी. मोठ्या मुलाची बाटली आणि धाकट्याची बाटली. माप देणारं झाकण एकच. धाकट्याला मोठ्याची बाटली त्याच मापानं दिली गेली असती तर औषध दुप्पट पडलं असतं. त्यात थेंबांची बाटली निराळीच. तिच्या एका एमएलमध्येच १०० एमजी असतात. ही माहिती डॉक्टरांना असते, फार्मासिस्टला असते, पण रात्री दोन वाजता ताप चढलेल्या लेकराच्या उशाशी फक्त त्याची आई असते.

त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच शिकवलं नाही. एमजी आणि एमएल ही दोन अक्षरजोडपी, त्यांच्या आधीचा आकडा, आणि एक्सपायरीचं साल-महिना. अँटिबायोटिकच्या पट्टीवरची उभी लाल रेघ दाखवली. ती असली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी घ्यायची नाही. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न पाठ करून घेतला, ‘हाउ मेनी एमएल?’ किती द्यायचं हे आम्ही सांगायचं नाही, ते डॉक्टरांनीच सांगायचं, हे स्पष्ट ठेवलं. पण विचारणं तिचं काम. नंतर एक जण सांगत होती, की एका दवाखान्यात तिनं हा प्रश्न विचारल्यावर समोरच्यानं मान वर करून पाहिलं आणि आकड्याखाली रेघ मारून दिली. तोवर तिच्या हातात नुसती चिठ्ठी पडत असे.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस या बायकांना चांगलं शिकवू शकतो असं माझं मत झालं आहे. नेपाळीतला च हा आपल्या ‘चाक’ शब्दातल्या च सारखा आहे. त्यामुळे चेअर, चेक, चिल्ड्रन हे सगळे शब्द त्या चाकातला च वापरून म्हणतात. हिंदी भाषक शिक्षकाला यात काय बिघडलं ते पटकन सांगता येणार नाही, कारण हिंदीत तो च नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत. ‘चाक’ आणि ‘चार’ असं एकापाठोपाठ म्हणून दाखवलं की फरक त्यांच्या कानाला कळतो, मग जिभेला वळण लागतं. नेपाळी बोलताना श आणि स एकच होतात, म्हणून शर्टचा सर्ट होतो. व्ही या अक्षरासाठी त्या भ लिहितात: भिटामिन, भिडियो, भ्यान. एकीच्या वहीत ‘भल्भ’ असं लिहिलेलं होतं. तो टाकीचा वॉल्व होता. हे त्यांच्या देशात छापून येणाऱ्या नेपाळीतलं रीतसर लेखन आहे, चूक नाही. म्हणून मी ते खोडत नाही. शेजारी इंग्रजी स्पेलिंग लिहायला लावते, एवढंच. बाईच्या वहीवर तिच्याच भाषेतल्या बरोबर शब्दावर लाल शाई फिरवायचा मला अधिकार नाही.

आकड्यांत या बायका माझ्यापेक्षा हुशार आहेत. भारताच्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशेसाठ, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे आणि त्याचा गुणाकार त्या तोंडी करतात. घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. पण पैसे पाठवायचे कसे, इथं इंग्रजी येतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळ सरकारनं शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हा कमरेला पैसे बांधून नेणं आणखी जोखमीचं झालं. बँकेतून पाठवायची सोय आहे. रिझर्व्ह बँकेनं भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना २००८ सालीच आणली आणि २०२१ मध्ये तिची मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाखांवर नेली. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीनं या एका विषयावर चार-पाच दुपारी घेतल्या. स्लिपवरचे रकाने, खातेक्रमांक, पैसे घेणाऱ्याचं नाव. मोबाइलवर येणारा ओटीपी आणि त्याच्याबरोबर येणारं ‘डू नॉट शेअर’ हे वाक्य. ते वाक्य वर्गातल्या प्रत्येकीला येतं, जिला अजून पुरी एबीसीडी येत नाही तिलाही. ओळीतले तीन शब्द ती चित्रासारखे ओळखते. शिक्षणशास्त्रात हे बसतं की नाही याची मी फिकीर करत नाही. तिचे पैसे वाचतात.

शाळेच्या डायरीबद्दल थोडक्यात. मुलं इंग्रजी माध्यमात घालायची हा निर्णय त्यांनी घेतलेला आहे, आणि त्यावर वर्गात वाद घालायचा नाही असं आम्ही ठरवलं. डायरीतली वाक्यं वीस-पंचवीसच असतात आणि वर्षभर तीच फिरून येतात. उद्या चार्ट पेपर आणा, परवा सुट्टी, अमुक तारखेला पालकसभा, फी बाकी आहे. ती तेवढी वाचायला शिकली की आई सही करण्याआधी मजकूर वाचते. मुलाच्याही ते लक्षात येतं.

मला या कामाच्या निमित्तानं आपल्या गावाचा इतिहास पुन्हा वाचावासा वाटला. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं केलं. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस अमेरिकेहून जहाजानं मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये इथंच वारली. तेवीस वर्षं ती इथल्या मुलींना शिकवत राहिली, आणि त्यासाठी आधी ती मराठी शिकली. जोतीराव फुले यांनी नगरला येऊन तिच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. १८५३ साली ‘ज्ञानोदया’त त्यांनी ते सांगितलं आहे. ‘ज्ञानोदय’ही १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं नियतकालिक. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे घेतलं असं त्यांची चरित्रं सांगतात. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे नाकारायचं कारण नाही. पण परक्या मुलखात आलेली एक बाई, आधी स्वतः तिथली भाषा शिकते आणि मग तिथल्या मुलींना शिकवते, हे नगरच्या मातीत घडलेलं आहे. म्हणून मीही थोडं नेपाळी शिकते आहे. वर्गातल्या बायका मला शिकवतात. मी त्यांना नावानं हाक मारते, त्या मला ‘दिदी’ म्हणतात, आणि माझ्या नेपाळी उच्चारांवर त्या मनमोकळं हसतात तेव्हा वर्गातला ताण जातो.

दुसऱ्या देशांतही हे काम असंच साध्या माणसांनी केलेलं आहे. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात भारतीय उपखंडातून गेलेल्या बायकांना तिथल्या स्वयंसेविका घरी जाऊन इंग्रजी शिकवत. बीबीसीनं त्यासाठी ‘पडोसी’ नावाची मालिकाही काढली होती. आज अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत असे फुकट वर्ग चालतात. माझ्या परिचयातल्या एक काकू न्यू जर्सीत मुलाकडे गेल्या होत्या, त्या तिथल्या ग्रंथालयातल्या अशा वर्गाला जात. त्या परत आल्यावर आमच्या वर्गात एकदा येऊन बसल्या. शिकवायला काही त्या आल्या नव्हत्या. परक्या देशात दुकानात काही मागताना छातीत कसं धडधडायचं ते त्यांनी हिंदीत सांगितलं. एवढ्या मोठ्या घरच्या, एवढ्या शिकलेल्या बाईलाही असं होतं, हे ऐकून आमच्या बायकांना फार बळ आलं. नगरमध्ये आज अशी किती घरं असतील, ज्यातली आई सहा महिने तिकडे राहून आली आहे! त्यांच्यापैकी प्रत्येकीकडे या वर्गाला देण्यासारखं काहीतरी आहे.

मदतीला येणाऱ्यांबद्दल स्पष्ट लिहिणं भाग आहे. काही जण व्याकरणाचं पुस्तक घेऊन येतात आणि काळ शिकवू लागतात. काही जण महिला दिनाला साड्या वाटायला येतात, फोटो काढतात आणि जातात. आम्ही फोटोला नाही म्हणतो. या बायका पार्किंगमधल्या खोलीत राहतात म्हणून त्यांचा चेहरा कुणाच्याही मोबाइलमध्ये जावा असं नाही. साड्यांनाही आम्ही नाही म्हणतो, कारण एकदा वाटप सुरू झालं की वर्गाला येण्याचं कारण बदलतं. आम्हाला हवं असतं ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येणारं माणूस. इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं. दहावी झालेली, मोबाइलवरचा मेसेज वाचू शकणारी कुठलीही बाई हा वर्ग घेऊ शकते. आमच्याकडे टिकलेल्या मदतनीसांत एक जण शिलाईकाम करणारी आहे. तिच्या टेपवरचे इंच आणि सेंटिमीटर यांवर तिनं आकड्यांचा धडा इतका सुरेख घेतला की मी तो जसाच्या तसा पुढं वापरते.

सोसायटीतल्या बायकांशी या वर्गाचं नातं जुळलं ते हरतालिकेला. नेपाळमध्ये तीज असते ती भाद्रपद शुद्ध तृतीयेलाच, आपल्या हरतालिकेच्याच दिवशी. आदल्या रात्री सगळ्या जणी मिळून पोटभर खातात, त्याला दर म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी लाल साड्या नेसून कडक उपास. त्या दिवशी वर्ग नव्हता, पण चार-पाच जणी लाल साड्या नेसून तीजेचं सांगायला आल्या. हॉलमध्ये इमारतीतल्या बायका वाळूची पिंड करून पूजेला बसल्या होत्या. कुणीतरी आतून विचारलं, तुमचाही उपास का? मग सरकून जागा झाली. त्यानंतर इमारतीतल्या बायका त्यांना नावानं ओळखू लागल्या. हॉल मिळण्यातली खळखळही तेव्हापासून कमी झाली.

सगळं सुरळीत चालतं असं नाही. सोसायटी वॉचमन बदलते, आणि एका दिवसात कुटुंब खोली रिकामी करून पुण्याला, चाकणला नाहीतर परत गावी जातं. महिना-दीड महिना छान शिकलेली बाई एकदम दिसेनाशी होते. निरोप घ्यायलाही तिला वेळ मिळत नाही. याचं मला अतिशय वाईट वाटतं आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. आम्ही एवढंच करतो, की प्रत्येक दुपार पूर्ण व्हावी. पुढच्या वेळी सांगू म्हणून काही अर्धवट ठेवायचं नाही. ज्या गावाकडे कधी शाळेतच गेल्या नाहीत त्यांची प्रगती हळू असते. त्यांना अक्षरांआधी आकडे देतो. दहा आकडे ओळखता आले की एक्सपायरीचं साल, बसचा नंबर, १०८ आणि ११२ हे तातडीचे फोन, इतकं सगळं एका झटक्यात त्यांच्या ताब्यात येतं. अक्षरं नंतर आली तरी चालतात.

हा मजकूर वाचणाऱ्या नगरमधल्या, आणि नाशिक, पुणे, संभाजीनगर, कोल्हापूरमधल्या बायकांना माझी विनंती आहे. तुमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत अशी कुणी राहत असेल तर आधी तिचं नाव विचारा. वर्गाला येशील का हे तिलाच विचारा, नवऱ्याला किंवा सोसायटीच्या चेअरमनला नंतर सांगा. एक सतरंजी, एक फळा, मुलं सांभाळायला एक जण आणि आठवड्यातल्या दोन दुपारी, एवढ्यावर काम सुरू होतं. दशैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, गावी गेलेली कुटुंबं तिकडे भाऊबीजेची भाइटीका उरकून कार्तिकात परत येतात. वर्ग सुरू करायचा असेल तर तो महिना सगळ्यात सोयीचा आहे.